चिमणीला आत येणारी हवा कोण देणार? गणपतीपासून मेपर्यंतचा अनुभव

आमचं स्वयंपाकघर १० बाय ८. डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये असतं तसंच: एका भिंतीला ओटा, ओट्याच्या टोकाला सरकत्या काचांची खिडकी, पलीकडे ड्राय बाल्कनी. सुक्या मिरच्यांची फोडणी पडली की हॉलमध्ये बसलेल्या माणसाला आधी ठसका लागायचा. गणपतीच्या आधी ६० सेंटिमीटरची, बॅफल फिल्टरची (तेल अडवणाऱ्या स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्या), डक्टवाली, म्हणजे पाइपने धूर बाहेर सोडणारी चिमणी बसवली. ऑटोक्लीन नाही, हात हलवून चालू होणारी नाही, साधी तीन बटणं. दिवाळीचा फराळ, रविवारचे बोंबील, रोजचे सकाळचे डबे (ते माझ्याकडे आहेत) एवढं सगळं तिच्याखाली होऊन गेलंय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

आधी खोक्यावरच्या आकड्याबद्दल. आमच्या चिमणीवर ताशी १२०० घनमीटर लिहिलंय. आमच्या स्वयंपाकघरात हवा मावते जेमतेम २१-२२ घनमीटर. म्हणजे कागदावर तासाला पन्नासहून जास्त वेळा सगळी हवा बदलायला हवी. तसं होत नाही, कारण तो आकडा मोकळ्या तोंडाचा असतो. पाइप, कोपरे, बाहेरची जाळी आणि तेलकट फिल्टर आले की तो भराभर खाली येतो. म्हणून १२०० की १४०० यावर दुकानात वाद घालण्यापेक्षा पाइप कुठून जाणार ते आधी ठरवा. बसवायला आलेला मुलगा पाइप माळ्यावरून फिरवून दोन कोपरे देऊन नेणार होता. आम्ही सोसायटीला विचारून बाहेरच्या भिंतीला कोअर कटिंग करून, म्हणजे मशीनने गोल भोक पाडून घेतलं. आता एकच कोपरा आहे, पाइप सहा इंची आहे आणि ताणून बसवलाय. ॲल्युमिनियमचा घडीचा पाइप सैल सोडला की त्याच्या सुरकुत्यांतच हवा अडते आणि तेल साचतं. चार इंची भोक तयार आहे, त्यात भागवू, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट दुकानदारही सांगत नाही आणि फिटरही नाही. जेवढी हवा बाहेर जाणार तेवढी आत यायला हवी. पावसाळ्यात सगळ्या खिडक्या लावून चिमणी तिसऱ्या स्पीडवर ठेवली की आवाज मोठा, पण धूर कढईवरच घुटमळायचा. शिवाय बाथरूमकडून गटाराचा वास यायला लागला. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे फरशीच्या जाळीखाली साचून गटाराचा वास अडवणारं, पाणी आटलं होतं आणि चिमणी तिथून हवा ओढत होती! ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतल्यावर वास गेला, पण धूर तसाच राहिला.

मग उदबत्ती लावून घरभर फिरलो. हा खेळ तुम्हीही करा, फुकट आहे. ओट्याशेजारची खिडकी पूर्ण उघडली की उदबत्तीचा धूर शेगडीवरून आडवा पळतो, म्हणजे फोडणीचा धूरही चिमणीखालून निसटतो आणि वर ज्योत फडफडते ती वेगळीच. याउलट ती खिडकी बंद ठेवून हॉलच्या बाल्कनीचं दार चार बोटं उघडलं, तर हवा लांबून, संथपणे, आपल्या पाठीमागून येते आणि धूर सरळ वर जातो. आमच्याकडे एवढ्या एकाच बदलाने जो फरक पडला, तो दुसऱ्या स्पीडवरून तिसऱ्यावर गेल्याने कधीच पडला नाही. बायकोचा यावर आठवडाभर विश्वास बसला नव्हता, कारण धूर झाला की जवळची खिडकी उघडायची ही सवय हाडात मुरलेली.

खिडकीच्या वरच्या काचेत नऊ इंची जुना एक्झॉस्ट होता. तो ठेवलाय, पण चिमणीसोबत लावत नाही. दोन्ही चालू असले की दोघं धूर आपापल्याकडे खेचतात. आणि एक्झॉस्ट नुसता बंद ठेवला तर त्याच्या भोकातूनच बाहेरची हवा आत येऊन लगेच चिमणीत जाते, खोली तशीच कोंदट. त्याला बंद होणाऱ्या पट्ट्यांचं झाकण बसवलं. आता कुकरची वाफ, भांडी घासून झाल्यावरचा दमटपणा यासाठी तो कामाला येतो. कबुतरांनाही आळा बसला, हा वरचा फायदा.

शेगडी भिंतीकडे जमेल तेवढी सरकवा. ओटा साधारण दोन फूट खोल असतो, चिमणी त्याहून आखूड. पुढे ओढलेल्या शेगडीवरचा धूर तिच्या कडेबाहेरून आपल्या तोंडावर येतो. उंची शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटिमीटर धरतात, आमची ७० वर आहे. आईचं डोकं लागत नाही, माझं कधीकधी लागतं.

आवाज आहेच. तिसऱ्या स्पीडवर फोनवर बोलता येत नाही, म्हणून तो फक्त तळणासाठी. एरवी तेल तापायच्या आधी दुसऱ्या स्पीडवर सुरू करायची आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवायची. वीजबिल घाबरण्यासारखं नाही: १८० वॉट, रोज दोन तास धरले तर महिन्याला ११ युनिटच्या आसपास.

साफसफाई पंधरा-वीस दिवसांनी. स्टीलचे बॅफल गरम पाण्यात भांड्यांचा साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवले की निघतात. ॲल्युमिनियमची जाळी असेल तर सोडा नको, काळी पडते. ट्रॉल्यांच्या वरच्या बाजूला बसणारा चिकट थर आता नावापुरता आहे, आणि पैसे वसूल झाले असं मला तिथेच वाटतं.

काय जमत नाही तेही सांगतो. मे महिन्यात ओट्यापाशी घाम येतोच, कारण आत येणारी हवाही डोंबिवलीचीच आहे. हॉलमध्ये एसी चालू असेल तर चिमणी ती गार हवाही ओढून नेते. बोंबील तळताना हॉलमधल्या एअर प्युरिफायरवरचा पीएम २.५ चा (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा) आकडा अजूनही चढतो, पूर्वीपेक्षा कमी आणि थोडा वेळ, पण चढतो. बिनडक्टची चिमणी घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तिच्यातला कोळशाचा फिल्टर वास कमी करतो. वाफ, उष्णता आणि ज्योतीतून निघणारे वायू घरातच राहतात.

दोन गोष्टी मात्र गंभीर आहेत. घरात गॅस गीझर असेल तर खिडक्या लावून चिमणी कधीच चालवू नका, कारण गीझरचा जळका वायू, त्यात कार्बन मोनॉक्साइडही आला, उलटा घरात ओढला जाऊ शकतो. दुसरी गोष्ट सिलिंडरची. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर खाली जमिनीलगत साचतो, वर टांगलेली चिमणी तिथे उपयोगाची नाही. गॅसचा वास आला तर चिमणीच काय, कुठलंच बटण दाबायचं नाही, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या. आम्ही सिलिंडरच्या ट्रॉलीच्या दाराला खालच्या बाजूने जाळी लावून घेतली. सुताराने त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत.