ॲनोडायझिंग उतरवून चकाकवलेले सायकलचे भाग: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

माझ्या जुन्या, पोलादी फ्रेमच्या रोड सायकलवरील क्रँक (पेडल बसतात ते दांडे), दोन्ही हब (चाकांचे मधले भाग), ब्रेक लिव्हर, सीट क्लॅम्प (सीटची नळी आवळणारे कडे), बॉटल केज आणि हेडसेटचे स्पेसर (हँडलखालच्या चकत्या) हे सर्व भाग काळ्या ॲनोडायझिंगचे होते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांतील बहुतेकांचा काळा थर कॉस्टिक सोड्याने उतरवून ते चांदीसारखे चकचकीत केले आणि काही भाग वेगळ्या रंगात पुन्हा ॲनोडाइज करून घेतले. त्यानंतर कडक उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि ऑक्टोबरची उष्णता अशा सर्व काळात ही सायकल छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून खुलताबाद-वेरूळकडे नियमित जात राहिली. थर कसा उतरवावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्या भागांचे पुढे काय होते हे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. निकाल आधीच सांगतो: हब आणि क्रँक आजही समाधानकारक आहेत, ब्रेक लिव्हर आणि सीट क्लॅम्प नाहीत, आणि या फरकाचे मुख्य कारण पाऊस किंवा धूळ नसून घाम आहे.

ॲनोडायझिंग हा वरून दिलेला रंग नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. सल्फ्युरिक ॲसिडच्या द्रावणात ॲल्युमिनियमचा भाग धन बाजूस जोडून वीज सोडली की धातूच्याच पृष्ठभागाचे ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. शोभेच्या कामात हा थर साधारणपणे 5 ते 25 मायक्रॉन जाडीचा असतो. त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत रंग मुरवला जातो आणि मग जवळजवळ उकळत्या पाण्यात ती छिद्रे बंद केली जातात. ऑक्साइड मूळ धातूपेक्षा कितीतरी कठीण असल्याने ब्रासो किंवा ऑटोसॉल लावून तासन्‌तास घासले तरी भाग चमकत नाही. दिसायला चंदेरी असलेल्या भागांवरही पुष्कळदा बिनरंगी ॲनोडायझिंग असते आणि तिथेही पॉलिश असेच निष्फळ ठरते. 1923 मध्ये ब्रिटनमध्ये ही प्रक्रिया कारखान्यात प्रथम वापरली गेली ती समुद्री विमानांचे ड्युरॅल्युमिनचे (ॲल्युमिनियमच्या एका मिश्रधातूचे) भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी. म्हणजे हा थर काढताना आपण केवळ रंग काढत नसून मिठापासून असलेले संरक्षणही काढत असतो, आणि आपल्याकडे समुद्र नसला तरी एप्रिलमध्ये घाट चढणाऱ्याच्या अंगावरून मीठ गळतच असते.

कोणता भाग घ्यायचा हे ठरवण्यासाठी मी चुंबक आणि मल्टिमीटर (दोन टोकांमधून वीज वाहिली की आवाज करणारे मोजयंत्र) वापरला. चुंबक चिकटला तर तो भाग पोलादी. स्वस्त क्रँकमध्ये हात ॲल्युमिनियमचे आणि चेनरिंग (चेन बसते ते दातेरी चाक) पोलादाची, रिव्हेटने पक्की केलेली, असा प्रकार नेहमी आढळतो. ॲनोडायझिंगचा थर वीजवाहक नसतो, त्यामुळे मल्टिमीटरची टोके पृष्ठभागावर हलकेच टेकवली तर आवाज येत नाही आणि थर पूर्ण निघाला की येतो. ही चाचणी काम झाल्यावर खात्री करून घेण्यासाठी अधिक उपयोगी पडते. रंगवलेला भागही वीज वाहू देत नाही, परंतु ॲनोडाइज केलेल्या भागाच्या रंगाखालून धातूची झाक दिसते, तशी ऑइलपेंट किंवा पावडर कोटिंगमधून दिसत नाही.

स्टेम, हँडलबार, सीटपोस्ट आणि फोर्क यांना मी हात लावला नाही आणि कोणी लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कॉस्टिक सोडा ऑक्साइड खाऊन झाल्यावर थांबत नाही, धातूही खातो; त्यातून पडणारा बारीकसा खळगादेखील पातळ नळीत तडा सुरू होण्याची जागा ठरू शकतो. सस्पेन्शनच्या नळ्यांवरील कठीण ॲनोडायझिंग हा तर झिजेविरुद्धचा कामाचा थर असतो. चेनरिंगच्या दातांनाही तोच न्याय लागू होतो, म्हणून माझी चेनरिंग काळीच आहे आणि चंदेरी क्रँकवर ती वाईट दिसत नाही. क्रँक घेण्याचे धाडस केले ते एवढ्यासाठी की तो जाड, घडाई केलेला भाग आहे आणि पॉलिश झाल्यावर पेडलच्या भोकाजवळचा प्रत्येक कोपरा भिंगातून तपासता येतो.

प्रत्यक्ष थर उतरवण्याचे काम थोड्या वेळाचे, पण बेफिकिरीला जागा न देणारे आहे. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावे आणि त्यात कॉस्टिक सोडा थोडाथोडा टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण मिश्रण एकदम तापून अंगावर उडते. लिटरला 30 ते 50 ग्रॅम एवढे प्रमाण पुरते. घरातले जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, पातेले यासाठी घेतले तर ते स्वतःच विरघळू लागेल. रबरी हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा आणि उघडी हवा या तीन गोष्टींशिवाय काम सुरूच करू नये, कारण धातू आणि कॉस्टिक यांच्या क्रियेतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो आणि त्याच्या बुडबुड्यांबरोबर कॉस्टिकचे बारीक तुषार उडतात. डोळ्यांत थेंब गेला तर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. ड्रेनेज साफ करण्याच्या तयार पावडरींमध्ये इतरही घटक मिसळलेले असतात, म्हणून त्या टाळून रसायनांच्या दुकानातील साधा कॉस्टिक घेणे चांगले.

भाग द्रावणात सोडला की आधी रंग निघतो, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते, कारण रंग गेला म्हणजे थर गेला असे नसते. सुरुवातीला बुडबुडे तुरळक असतात. ऑक्साइड संपून धातू उघडा पडला की ते एकाएकी जोरात येऊ लागतात, आणि तोच भाग बाहेर काढण्याचा क्षण असतो. थंड प्रदेशातील लोक सांगतात त्या वेळा मराठवाड्यात जमेस धरू नयेत. मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवरील टाकीचे पाणी मुळातच गरम असते, त्यात द्रावण स्वतः तापते, आणि तापमानाबरोबर क्रियेचा वेग वाढत जातो. मी सकाळच्या गार पाण्यात काम केले आणि भाग दर मिनिटाला वर काढून पाहिला. पेडलचे आटे आणि हबमधील बेअरिंगच्या बैठका रबरी बुचांनी बंद केल्या होत्या, कारण तिथले काही मायक्रॉनही कमी होऊन चालत नाहीत. हबसाठी चाक पूर्ण उसकटावे लागते. माझे चाक तसेही नव्या स्पोकवर बांधायचे होते, नाहीतर केवळ चकाकीसाठी एवढा खटाटोप मी केला नसता. धुण्यासाठी पाणी भरपूर लागते, आणि ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येते तिथे हे काम पाण्याच्या दिवशीच काढावे. उरलेले द्रावण भरपूर पाण्यात पातळ करून, त्यात व्हिनेगर सावकाश मिसळून ते निष्प्रभ करावे. झाडांच्या आळ्यात ते मुळीच ओतू नये.

द्रावणातून निघालेला भाग पाहून नवख्याचा विरस होतो, कारण त्यावर राखाडी किंवा काळपट काजळी असते. मिश्रधातूमधील तांबे, सिलिकॉन यांसारखे घटक कॉस्टिकमध्ये विरघळत नाहीत, ते पृष्ठभागावर राहतात. 7075 आणि 6061 हे सायकलच्या भागांत वापरले जाणारे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू. 7075 मध्ये सुमारे दीड टक्का तांबे असते, त्यामुळे त्यावर काजळी अधिक येते; 6061 वर ती कमी असते. कारखान्यात ही काजळी नायट्रिक ॲसिडने काढतात. घरी ते ॲसिड आणण्याची काही गरज नाही, साबणाचे पाणी आणि घासणी यांनी काम भागते. ओतीव भागांत सिलिकॉन अधिक असल्याने त्यांचा करडेपणा पूर्ण जात नाही. माझे ब्रेक लिव्हर याच जातीचे निघाले आणि कितीही घासले तरी त्यांना क्रँकसारखा शुभ्र झळाळ आला नाही.

पुढचे काम म्हणजे निव्वळ घासकाम. 400 नंबरच्या वॉटर पेपरपासून 600, 1000 आणि 2000 पर्यंत, प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलून, आधीच्या कागदाचे ओरखडे दिसेनासे होईपर्यंत घासायचे. एखादा टप्पा गाळला की शेवटच्या चकाकीत तो उठून दिसतो. त्यानंतर बुलेटची इंजिन कव्हरे चमकवून देणाऱ्या बफिंगवाल्याकडून क्रँक बफ करून घेतले. बाकीचे लहान भाग हातानेच केले. पॉलिशचे फडके काळे होत राहते म्हणून घासत बसू नये. तो काळा रंग मळाचा नसून झिजणाऱ्या ॲल्युमिनियमचाच असतो आणि तो कधीच संपत नाही. लेझरने कोरलेली अक्षरे थराबरोबर जातात, ठोकून उमटवलेली राहतात.

आता महिन्यांनंतरच्या स्थितीकडे येतो. हब सर्वांत चांगले टिकले. तिथे हात लागत नाही, घाम पडत नाही, आणि आपल्या कोरड्या हवेत उघडे ॲल्युमिनियम मंदपणे निस्तेज होण्यापलीकडे काही करत नाही. चाक फिरवत मऊ कापड धरले की चमक परत येते. क्रँकवर बुटाची टाच घासते त्या जागी बारीक रेघांचा पट्टा पडला आहे. काळ्या थरावर असा पट्टा कायमचा डाग ठरतो, इथे मात्र 2000 नंबरचा कागद आणि थोडे पॉलिश यांनी तो निघतो. उघड्या धातूचा हा खरा फायदा आहे आणि तो मला अपेक्षेपेक्षा मोठा वाटला. चेनरिंगच्या पोलादी बोल्टभोवती मात्र पावसाळ्यात पांढरी भुकटी धरली. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की त्यांतील ॲल्युमिनियम झिजते. बोल्ट काढून ग्रीस लावल्यावर ती पुन्हा दिसली नाही.

ब्रेक लिव्हरबाबत समाधान नाही. घामाच्या हातांनी धरलेले लिव्हर एका लांब फेरीतच मळकट होतात, आणि उघडे ॲल्युमिनियम बोटांवर व हातमोज्यांवर करडा डाग सोडते, जो ॲनोडाइज केलेला लिव्हर कधीच सोडत नाही. मे महिन्यात तर हे रोजचेच झाले. मांडीवरून ओघळणारा घाम नेमका सीट क्लॅम्पवर येतो. तिथे जूनपर्यंत टाचणीच्या टोकाएवढे खळगे पडले. ते घासून काढता येतात, पण दर वेळी थोडा धातू जातो आणि क्लॅम्पसारख्या ताणाखालील भागात हे परवडत नाही. बॉटल केजवर मीठ-साखरेचे पाणी सांडून चट्टे उठले. केज स्वस्त असल्याने त्याचे दुःख नाही.

पावसाळा मी समजत होतो तितका वाईट गेला नाही. काळ्या मातीचा चिखल हबवर आणि क्रँकच्या मागे थापला जातो, पण तो साध्या पाण्याने वेळीच धुतला तर डाग राहत नाही. खरे नुकसान धुण्याच्या साधनांनी होते. कपड्यांची पावडर, धुण्याचा सोडा आणि अनेक डीग्रीझर अल्कली स्वरूपाचे असतात, आणि उघड्या ॲल्युमिनियमवर ते कॉस्टिकचेच काम संथपणे करतात. सायकलच्या दुकानात धुवायला दिली तर ही गोष्ट आवर्जून सांगावी. केसांच्या सौम्य शाम्पूचे पाणी पुरेसे आहे आणि चेनसाठी रॉकेल किंवा डिझेल चालते. बोअरचे जड पाणी अंगावर वाळू दिले तर पांढरे ठिपके राहतात, म्हणून लगेच पुसणे आले. कारवर लावायचे कार्नोबा मेण मी उन्हाळ्यात महिन्याकाठी आणि पावसाळ्यात त्याहून लवकर लावत होतो. त्याने चमक वाढत नाही, पण निस्तेज होण्याचा वेग स्पष्ट कमी होतो. पारदर्शक लॅकरची शिफारस मी करणार नाही. तो कुठेतरी टवका उडून उघडतो आणि त्याखाली किड्याच्या वाटेसारख्या रेषा पसरत जातात, ज्या काढायला सगळा लॅकर उतरवावा लागतो.

स्पेसर आणि हबच्या टोकांची झाकणे सोनेरी करून घेतली. बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये वाळूजला आल्यापासून तिथे सुट्या भागांचे लहान उद्योग भरपूर आहेत आणि ॲनोडायझिंगची कामेही होतात, परंतु मूठभर भागांसाठी टाकी कोणी स्वतंत्र लावत नाही; दुसऱ्याच्या मालाबरोबर आपला माल जाईपर्यंत थांबावे लागते. तिथे पुन्हा कॉस्टिकची बुडी दिली जाते, त्यामुळे घरी थर उतरवण्याचे श्रम वाया जातात, आणि ती बुडी लांबली तर आरशासारखे पॉलिशही मॅट होऊन परत येते. बुडी अगदी थोडी द्या असे आधी बजावून सांगावे. भाग जिथे तारेला टांगला जातो तिथे बिनरंगाचा ठिपका राहतो, म्हणून दिसणार नाही अशी जागा आपणच दाखवून द्यावी. भाग हाती आल्यावर शाईचा थेंब टाकून पुसून पाहावा. डाग राहिला तर छिद्रे नीट बंद झालेली नाहीत.

सोनेरी रंग मुद्दाम निवडला होता. फेरिक अमोनियम ऑक्झलेटने येणारा सोनेरी रंग अकार्बनी असल्याने उन्हात टिकतो, तर लाल आणि जांभळ्या छटांचे अनेक सेंद्रिय रंग उन्हाने उडतात. ओळखीच्या एका सायकलस्वाराचे जांभळे स्पेसर मराठवाड्याच्या उन्हात वर्षभरात फिके गुलाबी झालेले मी पाहिले आहेत. माझे सोनेरी भाग अजून पहिल्या दिवसासारखे आहेत आणि त्यांना फडक्यापलीकडे काही लागलेले नाही.

त्यामुळे पुढची व्यवस्था ठरली आहे. हब आणि क्रँक असेच उघडे ठेवणार आहे. सीट क्लॅम्प बदलून नवा, ॲनोडाइज केलेलाच बसवला आहे. लिव्हर ओतीव असल्याने त्यांवर सोनेरी किंवा कुठलाही फिका रंग डागाळलेला येईल, म्हणून ते मार्चच्या आधी वाळूजला पाठवून पुन्हा काळे करून घ्यायचे आहेत.