कॅमेऱ्याचा सेन्सर साफ करायचं स्वॅब किट: आठ महिने वापरून

सोमवतीला जेजुरीच्या पायऱ्यांवर, भर भंडाऱ्यात मी लेन्स बदलली. मूर्खपणा माझाच. पुण्याला घरी येऊन फोटो लॅपटॉपवर पाहिले, तर एफ/16 ला काढलेल्या प्रत्येक फोटोत आभाळावर करडे ठिपके. एफ/4 चे फोटो मात्र स्वच्छ. सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चकतीवर, धूळ बसली होती. अॅपर्चर (लेन्समधलं भोक) एफ/16 सारखं बारीक केलं की धुळीची सावली ठसठशीत पडते, मोठं ठेवलं की ती विरून जाते.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलेला आकडा आणि वर "आठ दिवस लागतील" हे ऐकून मी किटच मागवलं. 12 स्वॅब (टोकाला मऊ कापड लावलेल्या चपट्या काड्या) आणि द्रवाची इवलीशी बाटली. माझा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा, म्हणून 16 मिमी रुंदीचे घेतले. फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरला, 24 मिमीचे लागतात.

पहिल्यांदा हात लटपटत होते. पंखा बंद, बॅटरी फुल चार्ज. डीएसएलआर कॅमेऱ्यात सेन्सरसमोर आरसा असतो, तो मेनूतून वर उचलून ठेवावा लागतो, आणि मध्येच बॅटरी संपली तर तो थेट स्वॅबवर येतो. आधी कॅमेरा पालथा धरून रबरी ब्लोअर मारला. बरीच धूळ त्यानेच गेली, तीन ठिपके मात्र हलेनात. मग स्वॅब. उत्साहात चार थेंब टाकले आणि सुकल्यावर काचेवर ओघळ उमटले, स्टीलच्या ताटावर पाण्याचे राहतात तसे. दुसऱ्या स्वॅबवर दोनच थेंब टाकले, एका कडेपासून दुसरीपर्यंत एकदाच फिरवला, पालटून दुसऱ्या बाजूने परत आणला. ओघळ गेले, ठिपकेही गेले. (आपण पुसतो ती सेन्सरवरच्या फिल्टरची काच, प्रत्यक्ष सेन्सर नव्हे. हे आधी कळलं असतं तर घाम कमी फुटला असता.)

आणखी एक घोळ नंतर घातला. फोटोतला डाग वर डावीकडे होता, म्हणून सेन्सरवरही वरच शोधत बसलो. प्रतिमा उलटी पडते. समोरून पाहताना तो डाग खाली डावीकडे असतो.

आठ महिन्यांत पाच स्वॅब संपले. आमच्या रस्त्यावर खोदकाम बारमाही, तरी बहुतेक वेळा ब्लोअरवरच भागतं. दाबाने हवा सोडणारे डबे मात्र वापरू नका, त्यातला द्रव फवाऱ्यासारखा काचेवर बसतो. वापरलेला स्वॅब धुऊन ठेवायचा पुणेरी मोह मलाही झाला होता. आवरला.

तक्रार बाटलीची. झाकण नीट बसत नाही, निम्मा द्रव उडून गेला. वास उग्र आणि द्रव पेट घेणारा, त्यामुळे देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवावी लागते.

व्ह्यूफाइंडरमध्ये एक पिवळा कण अजून दिसतो. तो फोकसिंग स्क्रीनवर, म्हणजे व्ह्यूफाइंडरसाठीच्या काचेवर आहे, फोटोत येत नाही. येळकोट म्हणून राहू दिलाय.