व्यसनासाठीची डीबीटी: कुणी घ्यावी, काय विचारून घ्यावी

व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर नीट राहिलेला माणूस घरी येतो आणि पहिल्याच भांडणानंतर पितो, हातावर ब्लेड ओढतो. असं वारंवार होत असेल तर बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार (भावना टोकाच्या होतात, नाती आणि वागणं अस्थिर राहतं) तपासायलाच हवा. मात्र नशा आणि विड्रॉवल (नशा थांबवल्यावरचा त्रास) उतरल्यावर, कारण त्या काळात कुणाचाही मूड असाच हेलकावतो.

व्यसन आणि बॉर्डरलाइन, दोन्ही दुखणी एकत्र हाताळणारा उपचार म्हणून डीबीटीची (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे भावना आणि वागणं सांभाळायची कौशल्यं शिकवणारी मानसोपचार पद्धत) व्यसनासाठीची आवृत्ती आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. डीबीटी घडवणाऱ्या सिएटलच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी 1999 मध्ये 28 व्यसनाधीन बॉर्डरलाइन स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध केली. चाचणी लहान, पण नेहमीच्या उपचारांपेक्षा नशा जास्त घटली.

आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, दोन-अडीच तासांचा कौशल्यांचा ग्रुप, मधल्या काळात फोनवर मदत आणि थेरपिस्टांची आपसातली बैठक, असं साधारण वर्षभर चालतं. रोज डायरी कार्ड भरायचं: तलफ 0 ते 5, काय घेतलं, स्वतःला इजा करावीशी वाटली का. घसरण झाली की झोप, फोन, बोचलेला शब्द, खिशातले पैसे अशी कडी न् कडी मागे जाऊन शोधतात. तलफ शिगेला पोचली तर श्वास रोखून चेहरा थंड पाण्यात साधारण 30 सेकंद धरायचा (हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच). याचा असर काही मिनिटंच टिकतो, तेवढ्यात तिथून निघायचं.

खरी ताकद घसरणीबद्दलच्या भूमिकेत आहे. ध्येय पूर्ण नशाबंदीचंच. पण एक पेग गेला तर तिथेच थांबवायची योजना आधीपासून तयार असते. ‘एक घेतली म्हणजे सगळं संपलं’ हा टोकाचा विचारच पुढची बाटली उघडायला लावतो.

डीबीटी डिटॉक्सची (शरीरातून नशा उतरवण्याच्या उपचाराची) जागा घेत नाही. दारूच्या विड्रॉवलमध्ये फिट येऊ शकते, तिथे डॉक्टर हवाच. गर्दवाल्यांना ब्युप्रेनॉर्फिन (गर्दची तलफ कमी करणारं औषध) सोबत चालू शकतं. झोपेसाठी अल्प्राझोलाम मात्र सहज घेऊ नका, त्याचीच सवय लागते.

पैसे भरण्याआधी विचारा: वैयक्तिक सत्र, ग्रुप, फोन आणि थेरपिस्टांची बैठक, चारही आहेत का? नुसत्या ग्रुपला डीबीटी म्हणत असतील तर वर्षाची फी एकदम भरू नका. आणि पेशंट यायचा बंद झाला तर तुम्ही काय करता, हेही विचारा. सुरुवातीला बरेच पेशंट गळतात. चांगला थेरपिस्ट त्यांना स्वतःहून फोन करतो.