मीटिंगची फी 1,100 म्हणाले, तिथेच फोन ठेवायला हवा होता

लाज वाटतेय लिहायला पण लिहितेच, कारण दारू सोडवायची मीटिंग म्हणून आम्हाला लुबाडणाऱ्याचा हाच नंबर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या अजून एका घरात पोचलाय असं परवा कळलं. आमचे एकूण 30,899 रुपये गेले. आकडा मुद्दाम पूर्ण सांगतेय, लोक 'गेले थोडेफार' म्हणून गप्प बसतात.

यांचं पिणं आठ वर्षांचं. बाहेरगावचे नातेवाईक हसतात, गुजरातमध्ये दारूबंदी ना गं? अहो बंदी कागदावर, गल्लीत पोटली मिळते. बंदीमुळे फक्त लपवायचं काम दुप्पट झालं. तर जूनमध्ये एका रात्री हे स्वतःहून म्हणाले, ते एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) का काय, त्यांची मीटिंग कुठे भरते बघ ना. आठ वर्षांत पहिल्यांदा! सकाळपर्यंत मन बदललं तर? म्हणून मी रात्री अकराला गुगलवर जे पहिलं आलं तिथेच फोन लावला. अशा वेळी कोण तपासत बसतं, तुम्हीच सांगा.

पलीकडचा माणूस गोड. "बेन, तमे चिंता ना करशो." ग्रुपमध्ये बाराच जागा, रजिस्ट्रेशन 1,100. दुसऱ्या दिवशी किटचे 4,800, त्यात चूर्ण, पुस्तक आणि सर्टिफिकेट (कसलं सर्टिफिकेट, दारू सोडल्याचं?). मग शिबिराचं डिपॉझिट 15,000, परत मिळणारं म्हणे. ते भिशीचे होते.

आता माझी चूक. पहिला क्यूआर स्कॅन केला तेव्हाच स्क्रीनवर नाव आलं ते मोबाईल कव्हरच्या दुकानाचं. मी वाचलं. अंगठा थांबला पण. विचारलं तर म्हणाला, आमच्या ट्रस्टीचं दुकान आहे. मी बारा वर्षं हार्डवेअरच्या दुकानात हिशोब लिहिते, बिलावर एक नाव आणि व्हाउचरवर दुसरं दिसलं तर मालकाला सुद्धा परत पाठवते. आणि त्या रात्री मीच पिन टाकला, कारण मागून हे विचारत होते, मिळाली का गं मीटिंग?

आणि एएबद्दल काहीच माहीत नव्हतं असंही नाही. दुकानातल्या एकाचा भाऊ जायचा, त्याने सांगितलेलं की तिथे फी नसते. 1935 मध्ये अमेरिकेत एक शेअरदलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, यांनी सुरू केलेलं हे, मेंबर व्हायला दारू सोडायची इच्छा पुरते. चहापाण्याचा, खोलीभाड्याचा खर्च मेंबरच थैली फिरवून काढतात, बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. चूर्ण नाही, किट नाही. म्हणजे 1,100 हा शब्द कानावर पडला तिथेच खेळ उघडा होता.

रविवारी रावपुऱ्यात पत्त्यावर गेलो तर झेरॉक्सचं दुकान. दुकानदार म्हणाला, तमे आ महिनामां चोथा छो (या महिन्यात तुम्ही चौथे). हे एक अक्षर बोलले नाहीत, येताना न्यायमंदिरापाशी रिक्षातून उतरले आणि रात्री पिऊन आले. पैशांपेक्षा तो दिवस जास्त लागला.

पैसे मागितले तर 'रिफंड'साठी क्यूआर पाठवला आणि अजून 9,999 गेले. हो, पैसे यायला पिन लागत नाही, मलाही माहितीये, रडत असताना आठवत नाही. वर धमकी की तुमच्या साहेबांचं दारूचं परमिट आहे का, पोलिसांना कळवू? त्या भीतीने आम्ही तीन दिवस गप्प. हे अजिबात करू नका, 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत.

आणि आता आपल्या यंत्रणेचं ऐका. 1930 लागला सव्वा तासाने, नंबर मिळाला एक कंप्लेंटचा. बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकलात ना, मग आमचं काय. पोलीस ठाण्यात म्हणे सायबरला जा, सायबरला म्हणे आधी ठाण्याचा अर्ज आणा, दोन्हीकडे ओळखपत्राची झेरॉक्स नव्याने द्या, आणि ठाण्यातला साहेब सगळं ऐकून काय विचारतो तर, "पहेला ए कहो, दारू क्यांथी आवतो हतो?" (आधी हे सांगा, दारू कुठून यायची?) मी फिर्यादी आहे हो! चोराचा नंबर, खात्याचं नाव, स्क्रीनशॉट सगळं समोर ठेवलं आणि चौकशी कोणाची तर माझ्या नवऱ्याची. बाकावरचे दोघं हसले. मी कागद उचलून बाहेर आले, मग परत आत गेले, पोच घेतल्याशिवाय हलणार नाही म्हटलं. पोच घ्याच.

खरी मीटिंग शेवटी सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीतून कळली, पैसे लागले ते केसपेपरचे. 14446 ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, ती मला आधी कोणी सांगितली नाही. ओपीडीतल्या डॉक्टरांनी हेही सांगितलं की रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, त्यामुळे चहात गुपचूप चूर्णबिर्ण घालत बसू नका. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं, त्याचीही फी नाही.

पहिल्या मीटिंगला घरच्यांनाही येऊ देत होते म्हणून मीही गेले. थैली आली तेव्हा यांनी शंभरची नोट काढली, शेजारच्या काकांनी हात धरला. "राहू दे रे, आज नवीन आहेस."

कंप्लेंट अजून अंडर प्रोसेस. त्या भामट्याचं गुगलवरचं लिस्टिंग मी चारदा रिपोर्ट केलं, आज पाहिलं तर तसंच आहे, वर पंधरा नवीन फाइव्ह स्टार.