मॉरिस मायनर, १९५२, चार दरवाजी: एका पावसाळ्यानंतर

मुंबईच्या एका सुट्या भागांच्या दुकानदाराने पार्सल परत घ्यायला नकार दिला, म्हणून आत्ताच लिहायला बसले. नाहीतर या जुन्या ब्रिटिश गाडीला आमच्याकडे वर्ष होऊ द्यायचा विचार होता. मी मागवले होते पुढच्या दारांचे आतले पॅड आणि दाराखालच्या पायरीच्या पट्ट्या. गाडी चार दरवाजी आहे हे फोनवर सांगितलं होतं, फोटो पाठवले होते. आलं ते सगळं दोन दरवाजीचं. पॅड दाराला लावून पाहिला तर टोक सरळ मधल्या खांबावर. पुन्हा फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "मॅडम, मायनर म्हणजे मायनर. सगळ्यांना एकच लागतं. तुमच्याच गाडीची दारं कोणीतरी बदललेली असतील."

पैसे अडकले त्याचा राग आहेच. पण गाडीवर असा आळ घेतला त्याचा जास्त आहे. चार दरवाजीचं पुढचं दार दोन दरवाजीच्या दारापेक्षा आखूडच असतं. मागच्या दाराला जागा दुसरीकडून कुठून येणार? दार आखूड म्हणजे पॅड आखूड, काच वेगळी, पायरीची पट्टी वेगळी. बोनेट, पुढचे मडगार्ड, बंपर त्याच साली बनलेल्या दोन्ही गाड्यांना चालतात, तेवढ्यावरून बाकी सगळं चालेल असं कोणी गृहीत धरू नये.

गाडी सासऱ्यांच्या मित्रांची. पंचवटीतल्या त्यांच्या वाड्यात वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली होती. उन्हाळ्यात आमच्याकडे आली आणि तेव्हापासून ती वापरात आहे, शोभेसाठी उभी नाही. गंगापूर रोड, भद्रकालीतली खरेदी, देवळाली, त्र्यंबक, आणि ऐन पावसात कसारा घाटही झाला.

चालवण्याबद्दल थोडक्यात सांगते. इंजिन ८०३ सीसीचं, ३० हॉर्सपॉवर. ताशी साठला गाडी खूश असते, त्यापुढे आवाज वाढतो. कसारा चढताना दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, पण पाणी उकळलं नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसू देणारी सोय) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. स्टिअरिंग रॅक अँड पिनियनचं. इतकं हलकं आणि नेमकं की आमची नवी गाडी त्यापुढे मला सुस्त वाटते. लिटरला तेरा-चौदा किलोमीटर मिळतात. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या पहिल्याच महिन्यात काढून टाकल्या, तुम्हीही टाका. यंत्राची तक्रार नाही.

मला खरं सांगायचंय ते ट्रिमबद्दल, म्हणजे पॅड, पट्ट्या, जाळी, दिवे अशा वरच्या साजाबद्दल. कारण यात लोकांचे पैसे जातात, आणि चांगल्या गाड्या खराब होतात.

मायनर १९४८ साली आली तेव्हा दोनच प्रकार होते: पक्क्या टपाची दोन दरवाजी सलून आणि कापडी टपाची टूरर (तिलाच पुढे कन्व्हर्टिबल म्हणू लागले). चार दरवाजी १९५० च्या शरद ऋतूत, लाकडी चौकटीची ट्रॅव्हलर १९५३ साली. कारखान्याने प्रत्येक बदल सगळ्या प्रकारांना एकाच दिवशी केला नाही. सगळा गोंधळ इथेच सुरू होतो. पुस्तकातला एक फोटो समोर ठेवून, "या सालची मायनर अशीच असते" असं म्हणणारा माणूस निम्म्या वेळा दुसऱ्याच प्रकाराबद्दल बोलत असतो.

दिव्यांचंच बघा. सुरुवातीच्या मायनरचे हेडलाइट खाली, जाळीच्या दोन बाजूंना असायचे. अमेरिकेतल्या नियमांना ते फार खाली पडत होते, म्हणून तिकडे जाणाऱ्या गाड्यांचे दिवे वर मडगार्डमध्ये गेले. चार दरवाजी आली तीच वरच्या दिव्यांची. पण ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या दोन दरवाजी आणि टूररचे दिवे जानेवारी १९५१ पर्यंत खालीच होते. म्हणजे काही महिने एकाच कारखान्यातून, एकाच नावाच्या, दोन वेगळ्या चेहऱ्यांच्या गाड्या बाहेर पडत होत्या. खालच्या दिव्यांची चार दरवाजी कधी बनलीच नाही. मात्र गेल्या महिन्यात कॉलेज रोडला एका जाणकार गृहस्थांनी माझी गाडी थांबवून सांगितलं, "वहिनी, दिवे चुकीचे आहेत, असली मायनर खालच्या दिव्यांची. जाळी बदलून घ्या." त्यांचा हेतू चांगला होता, पण तो सल्ला ऐकला असता तर जगात कधीच नसलेली एक गाडी नाशकात तयार झाली असती.

याहून अवघड प्रकरण देवळालीला कळलं. तिथे आमच्या ओळखीच्या एका काकांकडे दोन दरवाजी आहे. तिच्याही कागदांवर १९५२ आहे. दोन्ही गाड्या शेजारी लावल्या, बोनेट उघडली, आणि इंजिनं वेगळी! त्यांचं ९१८ सीसीचं साइड व्हॉल्व्ह, माझं ८०३ चं ओव्हरहेड व्हॉल्व्ह. काकांना वाटलं माझं इंजिन ऑस्टिनच्या कुठल्यातरी गाडीतून काढून बसवलंय. इंजिन ऑस्टिनचंच आहे, पण ते कारखान्यात बसलेलं आहे. १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिसवाल्यांची नफिल्ड कंपनी एकत्र आली, आणि ऑस्टिन ए-३० चं छोटं इंजिन मायनरमध्ये आलं. ते आधी त्याच उन्हाळ्यात निर्यातीच्या चार दरवाजीला मिळालं, दोन दरवाजी आणि कन्व्हर्टिबलला १९५३ च्या सुरुवातीला. साल एक, तोंड एक, आणि हेडचं गॅस्केटसुद्धा एकमेकांना चालत नाही. काकांनी मुंबईहून मागवलेलं एक गॅस्केट त्यांच्याकडे तसंच पडून होतं. दुकानदाराने साल विचारलं होतं, दारं किती ते विचारलंच नव्हतं. ते आता माझ्याकडे आहे.

तुमच्या गाडीबद्दल असा वाद निघाला तर बोनेटखाली इंजिनमागच्या पत्र्यावरची पाटी वाचा. १९५२ पासूनच्या सिरीज टूच्या, म्हणजे ८०३ इंजिनवाल्या मायनरच्या, नंबरात पहिलं अक्षर एफ, म्हणजे मायनर. दुसरं अक्षर शरीराचं: ए असेल तर चार दरवाजी, बी असेल तर दोन दरवाजी, सी असेल तर कन्व्हर्टिबल. माझ्या पाटीवरचा ए स्वच्छ वाचता येतो. दुकानदाराला त्याचाही फोटो पाठवला. त्यावर त्याचं उत्तर आलेलं नाही.

आता क्रोम. नाशिककरांना चकाकी आवडते, गाडी बघायला येणारा प्रत्येक जण "जाळीला क्रोम करा" म्हणतो. करणार नाही. १९५१ पासून मायनरची जाळी गाडीच्याच रंगात यायला लागली. कोरियन युद्धाच्या त्या काळात ब्रिटनमध्ये निकेल मिळत नव्हतं आणि अनेक गाड्यांवरचं क्रोम कमी झालं होतं. माझ्या जाळीवर जुन्या रंगाखाली कुठेही क्रोमचा अंश सापडला नाही, आणि ते बरोबरच आहे. उलट बंपर आणि दिव्यांच्या रिंगा चकाकायलाच हव्यात.

त्या रिंगांपैकी एक पार चेपलेली होती. मुंबईत नव्या जोडीची किंमत ऐकून मी गप्प बसले. मग ती घेऊन जुन्या नाशकात तांबटांकडे गेले. आजोबांनी नखाने क्रोम खरवडलं आणि म्हणाले, "ताई, हे तर पितळ आहे. लोखंड असतं तर परत नेलं असतं तुम्ही." लाकडी ठोकळ्यावर धरून, आतून हलक्या हाताने ठोकत त्यांनी चेप असा काढला की बोट फिरवलं तरी कळत नाही. आठशे रुपयांत काम झालं. नंतर अंबडच्या एमआयडीसीत प्लेटिंग करून घेतलं. नाशिकमध्ये भांड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या काम केलेले हात आहेत. जुन्या गाड्यांच्या पितळी भागांसाठी त्यांच्याकडे जायचं सोडून आपण मुंबईच्या बाजारात का धावतो, कळत नाही.

आणि आता ज्याच्यावर या पावसाळ्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो भाग: ट्रॅफिकेटर. वळताना बाजूने बाहेर येणारा तो पिवळा उजळलेला हात. मायनरला लुकलुकणारे इंडिकेटर १९६१ साली आले, तोवर हेच. गाडी घेतली तेव्हा दोन्ही खाचा लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून बुजवलेल्या होत्या. मी त्या तशाच ठेवून मागेपुढे साधे इंडिकेटर लावणार होते. आजकाल द्वारका चौकात या हाताकडे कोण बघणार?

पण इथेही दोन दरवाजी आणि चार दरवाजीचा फरक निघाला. दोन दरवाजीत ट्रॅफिकेटर दाराच्या मागे, मागच्या बाजूच्या रुंद पत्र्यात असतो. चार दरवाजीत तो दोन दारांमधल्या अरुंद खांबात बसतो. माझ्या पेंटरने दोन दरवाजीचा फोटो बघून मागच्या मडगार्डच्या वर, नसलेल्या जागी, खाच शोधायला पत्रा घासायला सुरुवात केली होती. वेळेवर थांबवलं. खांबावर लांबी फोडली तेव्हा आत दोन्ही ट्रॅफिकेटर होते. गंजलेले, पण शाबूत.

म्हणून मत बदललं. शाबूत वस्तू लांबीखाली गाडून ठेवणं मला पटेना. आत एक कॉइल असते. वीज मिळाली की ती दांडा ओढते आणि हात वर येतो, वीज तोडली की हात स्वतःच्या वजनाने खाली पडतो. इतकी साधी गोष्ट. बिजागर कोरडा झाला की हात खाली पडत नाही, तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. आतल्या बल्बची वायर बिजागरापाशीच वाकून वाकून तुटते, तिथे मऊ, बारीक वायर घाला. एलईडी घालणार असाल तर लक्षात ठेवा, या गाडीचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. सारडा सर्कलजवळच्या आमच्या वायरमनने तो बल्ब उलटा जोडला तेव्हाच पेटला.

पावसात मात्र चार दरवाजीचा अरुंद खांब त्रास देतो. दोन्ही दारांच्या रबरांतून झिरपणारं पाणी त्याच खाचेत जमतं. ऑगस्टमध्ये डावा हात वर अडकला आणि गंगापूर नाक्यापासून घरापर्यंत तसाच राहिला. खाचेच्या तळाला पाणी बाहेर पडायचं भोक होतं, ते जुन्या लांबीने बुजलेलं. ते मोकळं केल्यापासून तक्रार नाही. तरी मागे दोन लहान लुकलुकणारे दिवेही लावले आहेत, कारण मागून येणाऱ्या ट्रकला हात दिसेल याची खात्री नाही. ते फक्त नटबोल्टवर आहेत, गाडीला नवीन भोक पाडलेलं नाही.

हाताचा आनंद वेगळाच आहे, हे सांगायलाच हवं. आत "टक" असा आवाज होतो आणि बाहेर हात उघडतो. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने परत एकदा दाखवा म्हणून सांगितलं.

आधी मला वाटायचं चार दरवाजीच घ्यावी, दोन दरवाजी हौशीपुरती. आता इतक्या ठामपणे म्हणणार नाही. सासूबाईंना मागे बसायचं तर चार दरवाजीला पर्याय नाही, आणि भद्रकालीच्या गल्लीत आखूड दार अर्धं उघडूनही उतरता येतं. काकांच्या दोन दरवाजीचं लांब दार तिथे भिंतीला लागतं. पण दोन दारं जास्त म्हणजे दोन दारांची रबरं, हँडलं, कुलुपं जास्त, आणि आपल्याकडे चार दरवाजीचं सामान मिळवणं खरंच अवघड आहे. दोघंच असाल, पावसात रोज चालवायची असेल, तर दोन दरवाजी कमी खर्चात पडेल. कन्व्हर्टिबलच्या जाहिराती दिसल्या तर पाटी आधी बघा. दोन दरवाजीचं टप कापून बनवलेल्या भरपूर आहेत, आणि पाटीवरचा बी त्यांना लपवता येत नाही.

पॅडचं काम शेवटी भद्रकालीतच झालं. माझ्या दारांवर कागद ठेवून साचे काढले, हार्डबोर्ड कापून घेतला आणि सीटवाल्याकडून त्याच रंगाचं रेक्झिन चढवून घेतलं. मुंबईच्या पार्सलच्या निम्म्या पैशांत झालं आणि खिळ्यांची भोकं जुन्या जागीच बसली. साचे जपून ठेवलेत. कोणाकडे चार दरवाजी असेल तर खुशाल घेऊन जा. आधी आपल्या दाराची लांबी मोजून आणा, म्हणजे काच खाली-वर करायच्या हँडलचं भोकही कागदावर तिथेच आखून देईन.