विभक्त आईवडिलांसाठी मध्यस्थी, नौपाडा (ठाणे): पाच बैठकांनंतरचा अनुभव

मी ऐरोलीत राहते, लेकीचे बाबा ठाण्यात कोपरीला. वेगळे झालो त्याला तीन वर्षं झाली. लेक आठ वर्षांची, तिसरीत आहे. गोखले रोडजवळ, विभक्त आईवडिलांना मुलांबद्दल लेखी करार करायला मदत करणारं एक छोटं केंद्र आहे. तिथे आम्ही पाच वेळा गेलो. नाव लिहीत नाही, कारण तिथे येणाऱ्या मुलांची ओळख उघड व्हायला नको. पण अनुभव सविस्तर लिहिते. मला हे वेळेवर कुणी सांगितलं असतं तर लेकीचं दीड वर्ष वाचलं असतं.

त्या दीड वर्षात माझ्या तेव्हाच्या वकिलांचा सल्ला होता, नवऱ्याचे फोन उचलू नका, केस कमजोर होईल. मी नाही उचलले. मग निरोप कोण पोचवणार? लेक. 'बाबा, आईने सांगितलंय फीचे पैसे पाठवा.' साडेपाच-सहा वर्षांची पोर हे बोलायची, आणि बोलून झाल्यावर दोघांच्या तोंडाकडे बघायची.

केंद्रातल्या मध्यस्थ मॅडम पहिल्यांदा आम्हाला वेगवेगळं भेटल्या. मला पहिलाच प्रश्न केला, लेकीच्या बाबांसमोर बसायची भीती वाटते का, कधी त्यांनी हात उचललाय का. मारहाण झालेली असेल तर त्या समोरासमोर बसवतच नाहीत. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे केंद्र कुणालाही सुचवेन. ऑस्ट्रेलियाने २००६ साली दोन्ही पालकांची जबाबदारी समान असं कायद्यातच गृहीत धरलं होतं. लोकांनी त्याचा अर्थ 'निम्मे दिवस तुझे, निम्मे माझे' असा घेतला, घरात हिंसा असलेल्या मुलांबद्दलची चिंता वाढली, आणि २०२३च्या दुरुस्तीत ते कलम काढून टाकावं लागलं. प्रत्येक घराला एकच माप लावता येत नाही, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या बैठकीपासून 'ताबा' हा शब्द त्यांनी आम्हाला वापरूच दिला नाही. चष्मा तुटला तर दुसरा कुणाच्या घरी आहे? डॉक्टरांची फाइल कुणाकडे असते? गणपती बाबांच्या गावी पाच दिवसांचे, शाळेला सुट्टी किती? भाऊबीजेला मामाकडे कधी? तिला ताप आला तर त्या आठवड्याचे दिवस बदलायचे की नाही? कोर्टाच्या इतक्या तारखा झाल्या, पण हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आम्हीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

चौथ्या बैठकीत लेक एकटी बालमानसतज्ज्ञांशी बोलली. 'कुणाकडे राहायचंय' असं तिला मुद्दाम विचारलं नाही. तिची एकच मागणी बाहेर आली. सोमवारी बाबांकडून थेट शाळेत जाताना कपड्यांची पिशवी न्यायची नाही, मुली विचारतात. आम्हा दोघांनाही पिशवी दर आठवड्याला दिसत होती. त्याच संध्याकाळी बाबांनी दुसरा गणवेश घेतला.

तिला घ्यायची-सोडायची जागाही बदलली. आधी ठाणे स्टेशनात ट्रान्सहार्बर लोकलच्या फलाटावर, गर्दीत, आम्ही तिला एकमेकांच्या हाती द्यायचो आणि तिथेच वाद व्हायचे. आता शनिवारी मी तिला चित्रकलेच्या क्लासला सोडते, क्लास सुटला की बाबा नेतात. आमची गाठच पडत नाही, त्यामुळे तिलाही मागे वळून बघावं लागत नाही.

मॅडमनी एका संशोधनाबद्दल सांगितलं होतं. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या रॉबर्ट एमरी यांनी ताब्यासाठी भांडणारी कुटुंबं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली, काही मध्यस्थीकडे, काही कोर्टाकडे. मध्यस्थीचे तास सरासरी पाचच्या आसपास. बारा वर्षांनी पाहिलं, तर मध्यस्थीतून गेलेल्या घरांत वेगळा राहणारा पालक मुलांच्या जास्त संपर्कात होता. तेव्हा मला हे ऐकून फार धीर आला होता.

आता उणिवा. बसायची जागा एकच, त्यामुळे दोघांना एकाच बाकावर अर्धा तास ताटकळावं लागलं. पहिल्या दिवशी ते मला फार जड गेलं. वेळा फक्त कामाच्या दिवशी दुपारच्या, म्हणजे प्रत्येक वेळी अर्धी रजा. कराराचा मसुदा इंग्रजीत आला, तो मराठीत मागून घ्यावा लागला. जो कागद आजीलाही वाचता यायला हवा, तो आधीच मराठीत असावा. आणि एका बैठकीचे अडीच हजार, दोघांत वाटून घेतले तरी सगळ्यांना परवडणारे नाहीत. पैशांची अडचण असेल तर आधी कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशकांना भेटा. १९८४च्या कायद्याने त्यांची सोय केलेली आहे. आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे मला फार उशिरा कळलं.

आमचा करार संमतीच्या अटी म्हणून न्यायालयात दाखल झाला. मूल वाढतं तशी गरज बदलते, म्हणून असे आदेश पुढे बदलून मागता येतात. न्यायमूर्ती अजित शहा अध्यक्ष असताना विधी आयोगाने २०१५ साली, अहवाल क्रमांक २५७ मध्ये, संयुक्त ताबा आणि मध्यस्थी कायद्यात आणायची शिफारस केली. त्यात आजी-आजोबांच्या वेळेचाही विचार आहे. आपला पालकत्वाचा मूळ कायदा मात्र अजून १८९०चाच. असा करार प्रत्येक घराला कोर्टाच्या पहिल्या तारखेच्या आधी मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

जूनपासून लेकीची शाळा सकाळची होतेय, बुधवारच्या रात्री आठच्या व्हिडिओ कॉलची वेळ बदलावी लागेल. त्यासाठी पुन्हा वेळ घेतली आहे. या वेळी शनिवार मिळाला.