अकरा महिने वापरल्यावर: दोन जॉन, दोन जेनेट आणि एक ‘मर्ज’ बटण

फॅमिली ट्रीच्या सॉफ्टवेअरचं वार्षिक सबस्क्रिप्शन पुढच्या आठवड्यात आपोआप रिन्यू होणार, असा मेल आलाय. पैसे कापले जायच्या आत लिहून टाकते. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही. हिंट (जुळणाऱ्या जुन्या नोंदींच्या सूचना) कशा येतात, फोटो कसे चिकटवायचे हेही सांगत बसत नाही, वापरणाऱ्यांना ते ठाऊक आहे. मला बोलायचंय ते एका बटणाबद्दल.

आम्ही ॲबर्डीनला राहतो. नवरा बकीचा, म्हणजे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या गावचा. सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांच्या माहेरचा वंशवृक्ष छापून द्यायची हौस मात्र मला आली. नवऱ्याने कार्ड नंबर तेवढा दिला. पहिले दोन महिने मी इतकी खूश होते की चार स्टार देऊन मोकळी झाले. मग १८२३ साल आलं.

त्या साली बकीच्या रॅथवेन पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीच्या) वहीत एका कोळ्याच्या मुलाचा बाप्तिस्मा आहे, नाव जॉन. १८२५ ला जेनेट. १८२८ ला पुन्हा जॉन. १८३१ ला पुन्हा जेनेट. आईबाप तेच. सॉफ्टवेअरने पिवळी पट्टी दाखवली: ‘या नोंदी एकाच व्यक्तीच्या असाव्यात.’ रात्रीचे साडेअकरा वाजले होते, डोळे मिटत होते, मी ‘मर्ज’ (एकत्र करा) दाबलं. सकाळी बघते तर जॉनचे दोन बाप्तिस्मे, त्यातला दुसरा पाचव्या वर्षी. अनडू कुठेच नाही.

सपोर्टशी तीन आठवडे पत्रापत्री झाली. पहिलं उत्तर, ‘टायपिंगची चूक आहे का ते तपासा.’ दुसरं, ‘सख्ख्या भावंडांची नावं सहसा वेगळी असतात.’ अहो, कुठे? जुन्या स्कॉटिश घरांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला स्वतः वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं. सगळेच पाळायचे असं नाही, पण पाळणारे खूप. त्यात मूल गेलं तर ते नाव पुढच्याला, कारण आजीचं नाव घरातून जाता कामा नये. आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला लागतंच. माझ्या माहेरी एकाच नावाचे तीन चुलतभाऊ आहेत, थोरला, मधला, धाकटा म्हणून हाका मारतात. पण मुलं जगत नसली की आपण नेमकं उलट करायचो, पुढच्याचं नाव धोंडू नाहीतर दगडू ठेवायचो, म्हणजे यमालाही तो नकोसा वाटावा. ही सगळी हकीकत मी सपोर्टला लिहून पाठवली. उत्तर आलं, ‘धाकट्याचं नाव जॉन २ करा.’

केलं. ट्रायल प्रिंट काढली. सासूबाईंनी चष्मा लावून विचारलं, ‘आमच्यात राजे कधी झाले?’ सरप्राइज तिथेच संपलं. त्या दिवशी मी चाराचा एक स्टार केला.

मर्जची ही हकीकत फेब्रुवारीतच लिहून ठेवली होती. पुढचं लिहायला जड जातंय.

मर्ज झालेले दोघे मी हाताने वेगळे केले, एकेक नोंद उचलून, दोन शनिवार घालवून. आणि थोरल्या जॉनच्या पुढे ऐटीत लिहिलं: ‘मृत्यू १८२८ पूर्वी.’ पुरावा? धाकट्याला तेच नाव मिळालं, एवढाच. मृत्यूची नोंद शोधलीही नाही, कारण त्या काळच्या पॅरिशच्या वह्यांत दफनाच्या नोंदी तशाही तुटपुंज्या. ६ जून १८४१ च्या रात्रीच्या जनगणनेत त्या घरात एकच जॉन होता, तेरा वर्षांचा. माझ्या दृष्टीने विषय संपला.

एप्रिलमध्ये पासपोर्टच्या कामासाठी एडिनबराला भारतीय वकिलातीत जायचं होतं. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी साइटवर एकेका नोंदीच्या फोटोला ६ क्रेडिट, म्हणजे दीड पौंड पडतात. दीड पौंडात सांगलीत दोघांची मिसळ होते, त्यामुळे प्रत्येक क्लिकला माझा हात थरथरतो. त्यांचंच केंद्र एडिनबराला जनरल रजिस्टर हाऊसमध्ये आहे. मी गेले तेव्हा १५ पौंडात दिवसभर हव्या तेवढ्या नोंदी बघता येत होत्या. अकराव्या नोंदीपासून फायदाच. डबा बरोबर नेला होता.

तिथे या मुलांच्या आईच्या मृत्यूची नोंद मिळाली, १८५५ ची. सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली आणि त्या पहिल्या वर्षीच्या फॉर्मात जे विचारलं, ते पुढे सगळं कधीच विचारलं नाही. इतकं लिहिणं झेपेना म्हणून पुढच्या वर्षीच रकाने कमी केले. त्या एका वर्षी मृताच्या सगळ्या मुलांची नावं जन्माच्या क्रमाने लिहायची, वयासकट, गेलेलं असेल तर तसं. मी बोट ठेवून वाचलं. जॉन, ३२. जेनेट, मृत्यू १८२९. जॉन, २७. जेनेट, २४.

दोन्ही जॉन जिवंत!

दोन्ही आजोबांचं नाव जॉन होतं, हे माझ्याच ट्रीमध्ये वरच्या ओळीत लिहिलेलं होतं. पहिला मुलगा एका आजोबांचा, दुसरा दुसऱ्या आजोबांचा. कुणाला नाही म्हणणार? ४१ साली थोरला अठराचा होता, त्या रात्री बोटीवर असेल नाहीतर दुसऱ्या कुणाच्या घरी. मी त्याला दोन महिने पुरून ठेवला होता, आणि प्रोफाईल ‘मृत’ म्हटल्यावर सॉफ्टवेअरनेही त्याच्या पुढच्या हिंट बंद केल्या. ते म्हणालं दोघे एकच, मी म्हणाले एक मेला. दोघेही चुकलो. म्हणून एकाचे अडीच स्टार केले. आईच्या माहेरच्या आडनावाने शोधायची सोय चांगली आहे, हेही त्यात धरलंय. स्कॉटिश नोंदींत बाईचं माहेरचं आडनाव टिकतं, त्यामुळे एकाच नावाची पोरं कुणाच्या कुशीतली हे त्यावरूनच लागतं.

उरलेले अडीच का नाहीत? बकीसारख्या गावांत चार-पाच आडनावांत सगळं गाव बसायचं, म्हणून कोळ्यांना ‘टी-नेम’ असायचं, घराण्याचं टोपणनाव, आणि ते सरकारी कागदांवरही कंसात येतं. धाकट्या जॉनच्या लग्नाच्या नोंदीत ते आहे. गावातल्या त्याच नावा-आडनावाच्या इतर जॉनांपासून त्याला वेगळं ओळखण्याइतकं हातात काहीतरी आलं होतं. या सॉफ्टवेअरला आडनावात कंस चालत नाही, सेव्ह केलं की गायब.

सासूबाईंच्या चार्टवर मी शेवटी काळ्या पेनाने, देवनागरीत, ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ लिहिलं. त्यांना वाचता येत नाही, पण फ्रेम दिवाणखान्यात लावलीये.

ऑटो-रिन्यू बंद केलंय. जेडकॉम फाईल (अख्खा वंशवृक्ष दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येतो ती) उतरवून ठेवलीये, तुम्हीही आधी ती घ्या. काल शेवटचं लॉगिन केलं तर पिवळी पट्टी हजर: ‘जेनेट आणि जेनेट एकच असाव्यात.’ ‘नाही’ दाबलं. पान पुन्हा उघडलं. परत विचारलं.